ताडोबाला पहिल्यांदा निघालात? कॅमेरा निवडण्याआधी एवढं वाचा

दिवाळी आटोपली की, आणि पुन्हा मार्च-एप्रिलात, मला ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो. "ताडोबाच्या दोन सफाऱ्या बुक केल्यात, नंतर एक दिवस चंद्रपूर बघणार. कॅमेरा कोणता घेऊ?" विचारणाऱ्याने तोवर मोबाईलवर पाच-सहा व्हिडिओ पाहिलेले असतात, मेगापिक्सेलचे आकडे पाठ झालेले असतात आणि डोक्याचा पार भुगा झालेला असतो. मी मॉडेलचं नाव लगेच सांगत नाही. आधी विचारते, वाघ तुमच्यापासून किती लांब असेल असं वाटतं? आणि तेव्हा उजेड किती असेल? ही दोन उत्तरं हातात आली की दुकानातले निम्मे कॅमेरे आपोआप बाद होतात. त्याच क्रमाने जाऊ.

पायरी १ : फोन बाहेर राहणार, हे धरून चाला

ताडोबात सफारीला मोबाईल नेऊ देत नाहीत. घरून निघताना बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. "वाघाचा फोटो नाही मिळाला तरी चालेल, बाकीचे मोबाईलवर काढू" हा बेत गेटवरच कोसळतो. जिप्सीतला सगळ्यांचा एकत्र फोटो, बांबूतून जाणारी लाल मातीची वाट, पळसाने पेटलेला माळ, ताडोबा तलावावरची सकाळ, हे सगळं जे एरवी फोनवर सहज भागतं, ते आता कॅमेऱ्यानेच टिपायचं आहे.

म्हणून नवख्या माणसाचा कॅमेरा दोन टोकं सांभाळणारा हवा. लांबचं जवळ आणणारा आणि जवळचं सगळं एका चौकटीत मावून घेणारा. नुसती लांब पल्ल्याची लेन्स घेऊन गेलेल्यांच्या अल्बममध्ये हरणांचे चेहरे भरपूर असतात, पण जंगल कुठेच दिसत नाही. घरच्यांना परतल्यावर ते जंगलच बघायचं असतं.

पायरी २ : अंतराचा हिशेब करा

हा हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाएवढा सोपा आहे, आणि तो एकदा जमला की विक्रेत्याच्या बोलण्यात वाहून जाण्याची भीती राहत नाही. लेन्सची लांबी (मिलिमीटरमध्ये) गुणिले प्राण्याची लांबी, भागिले अंतर. जो आकडा येईल तेवढं चित्र सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागावर, पडतं.

वाघ शेपूट सोडून साधारण १.८ मीटर धरा. तो तुमच्यापासून ३० मीटरवर आडवा उभा आहे. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ किट लेन्सने, ५५ वर पूर्ण ओढून, त्याचं चित्र ३.३ मिमी पडतं. नवशिक्यांच्या बहुतेक लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांचा सेन्सर (याला एपीएस-सी म्हणतात) सुमारे २३.५ मिमी रुंद असतो. म्हणजे वाघ चौकटीच्या सातव्या हिश्शात उरतो. ३०० मिमी लेन्स लावली तर तेच चित्र १८ मिमी होतं, पाऊण चौकट भरते. ६० मीटरवर गेला तरी ९ मिमी, कडा कापून (क्रॉप करून) घरात लावण्याजोगा फोटो मिळतो.

आता पक्षी घ्या. पाणवठ्याच्या फांदीवर बसलेला खंड्या जेमतेम २७-२८ सेंटिमीटरचा. तो १५ मीटरवर असेल तर ३०० मिमीने ५.४ मिमी, म्हणजे चौकटीच्या पावभागाहूनही कमी. पक्ष्यांचं खरंच वेड असेल तर ४००-६०० मिमीचा विचार करावा लागतो. प्राणी, जंगल आणि थोडे पक्षी असा बेत असेल तर २५० ते ४०० मध्ये छान भागतं.

याच हिशेबाची दुसरी बाजूही बघा. १५०-६०० ही लेन्स बघितली की नवखे भारावून जातात. पण ताडोबातला वाघ पुष्कळदा रस्त्यानेच चालत येतो. तो १० मीटरवर आला की १५० मिमीवरसुद्धा चित्र २७ मिमी होतं, सेन्सरपेक्षा मोठं. वाघ मावतच नाही. वर ही लेन्स दोन किलोच्या आसपास, आणि सहा जणांच्या जिप्सीत ती फिरवायला जागा नाही.

एक फसगत इथेच टाळा. कॅमेऱ्याच्या खोक्यावर "२००० मिमी" लिहिलेलं असतं तो आकडा फुल फ्रेम (एपीएस-सीहून मोठा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याच्या मापात बदलून दिलेला असतो. एपीएस-सीवरची २५० मिमी लेन्स त्या मापात कॅननवर ४०० आणि निकॉन-सोनीवर ३७५ होते. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापात आणा, मगच ठरवा.

पायरी ३ : उजेडाचा विचार करा

सकाळची फेरी उजाडताच सुरू होते आणि संध्याकाळची सूर्य कलताना संपते. प्राणी बाहेर पडतात ते याच दोन वेळांना. सागाची पानं गळली नसतील तर आत आणखी अंधार. अशा वेळी सेन्सर जितका मोठा तितका फोटो स्वच्छ. लहान सेन्सरचा कॅमेरा उजेड कमी पडला की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे आणतो.

फरक केवढा? सुपरझूम (लेन्स न बदलता खूप लांबचं दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमीचा, करंगळीच्या नखात मावेल एवढा. एपीएस-सी सेन्सर २३.५ × १५.६ चा, क्षेत्रफळाने जवळपास तेरापट. मधला 'एक इंची' सेन्सर १३.२ × ८.८ चा. मेगापिक्सेलपेक्षा हा आकडा विचारा. पोस्टरएवढं छापायचं नसेल तर २० मेगापिक्सेल पुरून उरतात.

लेन्सवरचा एफ आकडाही बघायचा, तो जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो. एफ ४ आणि एफ ८ मध्ये उजेडाचा फरक चौपट आहे. एफ ८ वर सकाळी सहाला फोटो हलण्याची तयारी ठेवावी लागते.

पायरी ४ : तीन वाटांपैकी आपली कोणती ते ठरवा

*पहिली वाट, सुपरझूम.* लेन्स बदलायची नाही, एकाच यंत्रात वाईडपासून (जवळचं सगळं मावणाऱ्या रुंद दृश्यापासून) थेट झाडाच्या शेंड्यापर्यंत सगळं. कॅननचा पॉवरशॉट एसएक्स७० (फुल फ्रेमच्या मापात) २१ ते १३६५ मिमी, वजन सहाशे ग्रॅमच्या घरात. निकॉनचा कूलपिक्स पी९५० २४ ते २०००, वजन किलोभर. पी१००० तर ३००० मिमीपर्यंत जातो, पण तो १,४०० ग्रॅमहून जड आहे आणि नवख्या हाताला आवरत नाही. भर उन्हात, फांदीवर निवांत बसलेल्या घुबडाचे हे कॅमेरे इतके सुरेख फोटो देतात की खूप महाग लेन्सवालेही वाकून बघतात. पहाटे आणि पळणाऱ्या प्राण्याला मात्र ते अडखळतात.

आणि खूप झूमचा मोह आवरा. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचं ऊन पंचेचाळिशी गाठतं. त्या तापल्या हवेतून दीडशे मीटरवरचा रानगवा पाण्यात हलणाऱ्या प्रतिबिंबासारखा लहरत दिसतो. तिथे कुठलाच झूम उपयोगी पडत नाही.

खिसा परवानगी देत असेल तर सोनीचा आरएक्स१० मार्क ४ बघा. एक इंची सेन्सर, २४ ते ६००, आणि ६०० वरसुद्धा एफ ४. २०१७ चं मॉडेल आहे, तरी प्रवास आणि जंगल एकत्र असलेल्या सहलीसाठी इतकं जमून आलेलं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. आधी कुणी वापरलेला, पण नीट ठेवलेला मिळाला तर सोडू नका.

*दुसरी वाट, एपीएस-सी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि दोन लेन्स.* ज्यांना हा छंद पुढे न्यायचा आहे त्यांना मी हीच सुचवते. कॅनन आर५० किंवा आर१०, निकॉन झेड५० किंवा झेड५०-२, सोनी ए६४००. बॉडी कुठलीही घ्या, फार फरक पडत नाही. जीव लेन्समध्ये ओता. निकॉनची ५०-२५० हलकी आणि गुणी आहे. कॅननची १००-४०० आणि सोनीची ७०-३५० दोन्ही साधारण सव्वासहाशे-साडेसहाशे ग्रॅमच्या, दिवसभर गळ्यात राहिल्या तरी मान धरत नाही. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडी प्राण्याचा डोळा आपोआप शोधून फोकस धरतात. पहिल्याच सफारीला निघालेल्या माणसाला याची केवढी मदत होते हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

डोळ्याला लावून बघायचा व्ह्यूफाइंडर आहे ना, हे तपासाच. झेड३० आणि झेडव्ही-ई१० हे व्हिडिओ करणाऱ्यांसाठीचे कॅमेरे आहेत, त्यांना तो नाही. उघड्या जिप्सीत दहा वाजताच्या उन्हात मागच्या स्क्रीनवर काही म्हणता काही दिसत नाही. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकला की दोन हातांना तिसरा आधार मिळतो.

*तिसरी वाट, भाड्याने.* वर्षातून एकच सहल होणार असेल तर हीच शहाणपणाची. पुणे, मुंबई, नागपूर तिन्हीकडे कॅमेरे भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि अनामत लागते. फक्त निघायच्या आदल्या रात्री घेऊ नका, दोन दिवस आधी घ्या. का ते पुढे सांगते.

पायरी ५ : दुकानात, आणि जुना घेताना

दुकानात कॅमेरा हातात धरून उजव्या अंगठ्याने बटणं पोहोचतात का बघा. स्वतःची लहान चण असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. बिल आणि भारतातली वॉरंटी मागा. वॉरंटीशिवायचा 'आयात' माल थोडा स्वस्त पडतो, पण बिघडल्यावर कुणी दारात उभं करत नाही.

जुना कॅमेरा घ्यायला मला स्वतःला आवडतं. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात फिरलात तर एका दुपारी पाच-सहा बॉडी हाताळून होतात. तिथे दोन गोष्टी करा. शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले गेले ते, विचारा, आणि लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून बघा. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते. कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स खाली ठेवा.

जुन्या निकॉन डीएसएलआरबद्दल (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांबद्दल) एक धोक्याची खूण. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुन्या एएफ-डी लेन्स त्यांच्यावर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. वाघ तेवढा थांबत नाही.

पायरी ६ : निघण्याआधी पंधरा दिवस सराव

ही पायरी लोक गाळतात आणि मलाही ती महागात पडून कळली. माझी पहिली सफारी ताडोबाच्या मोहर्ली गेटमधून होती. कॅमेरा मामेभावाकडून आदल्या दिवशी आणलेला. बॉडीवर १८-५५ लावलेली, ५५-२५० बॅगेत. सात वाजायच्या सुमारास उजवीकडून चितळाचा कॉल (वाघ दिसल्यावरची इशाऱ्याची हाक) आला, मग दुसरा. गाईड दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, ह्याच बाजूनं निघंल, हलू नका." मी लेन्स बदलायला घेतली. झाकण मांडीवर, लेन्स हातात, बॉडी उघडी, आणि ड्रायव्हरने जिप्सी दोन हात मागे घेतली. मागून उडालेला धुरळा सरळ आत गेला. तेवढ्यात बांबूतून वाघीण निघाली. खांद्याची हाडं चालताना वर-खाली होताना दिसत होती, इतकी जवळ. तिने आमच्याकडे बघितलंही नाही. रस्ता ओलांडायला तिला पंधरा सेकंद लागले असतील. माझ्याकडे तीन फोटो आहेत, तिन्ही ऑटो मोडवर १/६० सेकंदाने काढलेले, तिन्ही हललेले. शेवटच्यात नुसती शेपूट आणि बांबू.

म्हणून सांगते, कॅमेरा आधी घ्या आणि घराजवळच वापरा. कावळे, कठड्यावरची कबुतरं, तुमच्याकडे धावत येणारं गल्लीतलं कुत्रं, यांच्यावर हात बसवा. पहाटे सहाला उठून काढा, दुपारच्या उन्हातला सराव जंगलात कामाचा नाही.

सेटिंग एकच पाठ करा. मोडची चकती एसवर (कॅननवर Tv), शटर (फोटो टिपायला लागणारा वेळ) १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ऑटो. बाकी कॅमेरा बघतो. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० करा, निवांत चरणाऱ्या चितळाला १/२५० चालतं. फोटो दाणेदार आला तर नंतर थोडाफार सुधारता येतो, हललेल्याचं काही होत नाही. बर्स्ट (बटण दाबून धरलं की लागोपाठ फोटो) चालू ठेवा. फोकसचा एकच मधला बिंदू निवडायला शिका, कारण बांबूच्या मागे जनावर असेल तर कॅमेरा पुढची काडीच पकडतो. आणि गडद पाण्यावरचा पांढरा बगळा पार पांढराफटक पडतो, तिथे एक्स्पोजर उणे एक करा. ही पाच बटणं डोळे मिटून सापडायला हवीत. जंगलात मोबाईल नसतो, त्यामुळे तिथे बसून कुठलं बटण कुठे हे शोधताही येत नाही.

पायरी ७ : सोबतीचं सामान

ट्रायपॉड घरी ठेवा, जिप्सीत तो उभाच राहत नाही. बीनबॅग लागते. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही तोंडं शिवा, एका बाजूला चेन लावा. रिकामी पिशवी बॅगेत कुठेही मावते. मुक्कामी पोचल्यावर किराणा दुकानातून दोन किलो तांदूळ भरायचे. जिप्सीच्या आडव्या दांडीवर ती ठेवून त्यावर लेन्स विसावली की हात कापत नाहीत. फोटोच्या वेळी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला नम्रपणे सांगा. ते चालू असेल तर बीनबॅगमधूनही थरथर येते.

६४ जीबीची दोन कार्डं, बॅटरी किमान दोन. मिररलेसची एक बॅटरी साधारण तीनेकशे फोटोंत दमते आणि बर्स्टवर तेवढे तासाभरात होतात. हवा मारायचा रबरी फुगा आणि एक सुती पंचा. जिप्सी चालू असताना कॅमेऱ्यावर पंचा टाकायचा, थांबली की काढायचा. लेन्स ओढणीने किंवा शर्टाच्या टोकाने पुसू नका, लाल मातीचे कण काचेवर चरे पाडतात.

लेन्स जिप्सीत बदलायची नाही. दोन लेन्स असतील तर लांबवाली बॉडीवर, आणि घरातला दुसरा साधा कॅमेरा वाईडसाठी सोबत. कपाटात पडलेला जुना डिजिटल कॅमेरा या कामाला सोन्यासारखा.

फ्लॅश बंद, बीपचा आवाज बंद. मोठ्या लेन्सचं वेगळं शुल्क असू शकतं, ते बुकिंग करतानाच बघून घ्या. मंगळवारी ताडोबा बंद असतो हेही. आणि "अजून जवळ घ्या ना" असा आग्रह ड्रायव्हरला कधीच करू नका. त्याला नियम मोडायला लावून मिळालेला फोटो बघवत नाही. वाघाचे कान मागे गेलेले त्यात स्पष्ट दिसतात.

पायरी ८ : चंद्रपूरचा दिवस

इथे फोन परत हातात येतो आणि बरंचसं काम तोच करतो. पण कॅमेरा हॉटेलवर ठेवू नका. जटपुरा गेटवरचं दगडी कोरीवकाम खालून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, २०० मिमीने ते नाकासमोर येतं. अंचलेश्वराजवळच्या गोंड राजांच्या समाध्या, त्यातली राणी हिराईने बीरशहासाठी बांधलेली, सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. नक्षी उठून दिसते. हाताशी आणखी एक दिवस असेल तर गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठचं मार्कंडा गाठा. तिथल्या शिल्पांना वाईड लेन्सने घाईघाईत उरकू नका, लांब पल्ल्याची (टेली) लेन्स लावून एकेका मूर्तीपाशी थांबा. अंधाऱ्या मंडपात फ्लॅश नको, खांबाला कोपर टेकवून श्वास रोखून काढा.

पहिल्या सहलीनंतर घरी येऊन मी चंद्रपूरचे फोटो संगणकावर उघडले. जटपुरा गेटच्या प्रत्येक फोटोत, आकाशात, डाव्या कोपऱ्यात, त्याच एका जागी करडा ठिपका. मोहर्लीची धूळ. हे तुमच्या बाबतीत सफारीच्या संध्याकाळीच तपासा. एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. ठिपका दिसला तर खोलीचा पंखा बंद करा, लेन्स काढा, बॉडीचं तोंड खाली धरा आणि रबरी फुग्याने दोन-चारदा हवा मारा. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. एवढ्याने गेला नाही तर सर्व्हिस सेंटरला द्या, आत बोट किंवा कापड घालू नका.

परतल्यावर कॅमेरा बॅगेत तसाच कोंबून ठेवू नका. मुंबई-कोकणात राहत असाल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि लेन्स त्यात ठेवा. पुड्यांचा रंग पालटला की बदला. आणि दर पंधरा दिवसांनी एखाद्या रविवारी सकाळी कॅमेरा बाहेर काढून जवळच्या तळ्यावर चक्कर मारा. हवा लागली की बुरशी धरत नाही, आणि बगळा भेटतोच.